मेलेल्या ताऱ्याची घाई

नाही, मला एक सांगा, जो तारा अब्जावधी वर्षांपूर्वी मेला, त्याची आज दुपारी एक वाजता, ऐन जेवणात, घाई कसली? किती जणांना विचारलं, कुणी सांगितलं नाही! आलिया आपा, माझी मोठी बहीण, आकाशातलं शिकलेली. मी सातवी नापास, कामोठ्यात कोंबड्या कापतो... मला काय कळणार?

तुम्हाला सांगतो, तारा मरताना भडकतो, गॅमा किरणांचा एकच झटका, मागे उरतो तो विझत जाणारा उजेड, तोही काही तासांचा! तो दुर्बिणीत धरायचा, त्याची रंगांची पट्टी पाडायची, पट्टीतल्या काळ्या रेघांवरून तारा किती लांब ते काढायचं. दुर्बीण तिकडे चिलीत, आपा इथे पनवेलला, आणि हिने फोनवर हो म्हटल्याशिवाय दुर्बीण वळत नाही, अशी त्यांची पद्धत. आणि फोन वाजावा कधी? माझ्या सोयरिकीसाठी उरणचे पाहुणे दस्तरखानावर बसलेत तेव्हा! मुलीचे मामू आधीच विचारत होते, "ही मोठी अजून घरातच?" आपा आत बिर्याणी काढतेय, बाहेर फोन थरथरतोय... मी उचलला, बंद केला, खिशात टाकला. घाई कसली?

दोन तासांनी चालू करून परत ठेवला. तोवर तिकडे उजाडलं हो! तिचे साहेब, चारुदत्त सर, ओरडतायत, "आलिया, होतीस कुठे?" आणि ही म्हणते, "सर, फोन बंद राहिला. माझी चूक." मी काय करत होतो? शेजारी उभा राहून शीरखुर्मा खात होतो! वाटी चाटून पुसून!

वर मलाच म्हणाली, "तोंड का पाडलंस, अबरार? उजेड गेला, पण तो तारा ज्या दीर्घिकेत होता ती कुठे पळतेय? तिची पट्टी काढू." काढली त्यांनी... तेव्हा आपा नव्हती. डेंग्यू. पाच दिवसांत गेली.

तिच्या चाळिसाव्याला सर घरी आले, छापायला जायचा लेख घेऊन. म्हटलं, मराठीत सांगा. म्हणाले, "दीर्घिकेवरून अंतर मिळालं. उजेडाची पट्टी मात्र नाही, कारण निरीक्षकाशी वेळेत संपर्क झाला नाही."

"निरीक्षक म्हणजे कोण?"

सर चहाच्या कपात बघायला लागले.

म्हणजे आपा! आणि हे जगभर वाचणार? तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला घाई झाली! सरांच्या खिशातलं पेन ओढलं आणि त्या ओळीखालीच वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, 'फोन मी बंद केला. आपाची चूक नाही. अबरार, तिचा भाऊ.'

सर वाचत राहिले, वाचत राहिले... मग हळूच म्हणाले, "अबरार, हे इंग्रजीत लागेल रे."

इंग्रजीत! म्हटलं, "सर, आमच्या घरात इंग्रजी येणारी एकच होती."