चालता चालता वाचलेली गोष्ट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय गोपाळरावजी, प्रमुख पाहुण्या राजेश्रीताई, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या ग्रंथपाल योगिनीताई, आणि समोर बसलेल्या पूर्णेकर बंधू-भगिनींनो,

मी विष्णुपंत. उभी हयात रेल्वेच्या तिकीट खिडकीत गेली. तिथं 'कुठलं पाहिजे' आणि 'पुढं सरका' यापलीकडे बोलायची गरज पडली नाही, तेव्हा भाषणाची सवय नाही. वाचकांच्या वतीने बोला, असा अध्यक्षांचा हुकूम झाला. खरं सांगू का? मी वाचक नव्हेच. वाचायची ती माझी पत्नी, सुमंगला. इथल्या शाळेत गणित शिकवायची. सभागृहात तिचे विद्यार्थी बसलेत, त्यांना तिची छडीही आठवत असेल.

तिचं माहेर चारठाण्याच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला. मोठ्या झाडात कुणीतरी राहतं, फांदी तोडण्याआधी विचारावं, डोहात साती आसरा, पाण्यातल्या देवता, असतात, हे ऐकत ती वाढली. पुढं तशाच गोष्टींच्या पुस्तकांचा नाद लागला. रानातल्या देवता, झाडातून बाहेर येणाऱ्या बायका, माणसाशी बोलणारे ओढे. मी चेष्टा करायचो, गणित शिकवतेस आणि भुतं वाचतेस म्हणून. त्यावर ती शांतपणे म्हणायची, "भुतं नाहीत ती. शेजारी आहेत."

मग तिला विसर पडायला लागला. आधी नातेवाइकांची नावं गेली, मग घरातल्या खोल्या, मग मी. जन्मभर शुद्ध बोलणारी बाई, आजारात तिच्या तोंडी माहेरची बोली परत आली. आमचा मुलगा वरद पुण्याला असतो. तो न्यायला तयार होता, पण नव्या जागी ती जास्तच बावरेल असं डॉक्टरांचं मत पडलं. दिवस जाता जाईना. एकदा सहज योगिनीताईंपाशी बोललो. त्या म्हणाल्या, कळो न कळो, तिच्या आवडीचं वाचून दाखवा. वरच्या फळीवरचा एक कथासंग्रह त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढून दिला. इथली पुस्तकं संपली तेव्हा परभणीहून मागवली.

सुरुवातीला मी गाड्यांची घोषणा केल्यासारखं वाचायचो. हळूहळू जमलं. एका गोष्टीत पळसातली देवता फुलांच्या वासानं सगळं रान भारून टाकते. सुमंगला मधेच म्हणाली, "पळसाला वास न्हाई. लिहिणारा रानात गेलेला न्हाई." मंडळी, कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून अख्खं वाक्य निघालं होतं. त्या दिवशी मी दोनदा चहा केला.

पण वाचणारा कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. एका दुपारी तिनं विचारलं, "तुमी रोज येता. तुमच्या घरी कुणी न्हाई का?"

मी म्हणालो, "आहे. बायको आहे."

"मग तिला बी वाचून दाखवत जा. लय बरं वाटंल तिला."

"दाखवीन," म्हणालो, आणि पान उलटलं.

पुढं थंडीच्या दिवसांत, सकाळी मी दूध घेऊन आलो तर दार उघडं. स्टेशन पाहिलं, बाजार पाहिला. तेवढ्यात योगिनीताईंचा फोन आला, इकडे या. शाळेच्या ओळखीच्या रस्त्यानं चालत सुमंगला वाचनालयात पोचली होती. भोवती माणसं जमून नाव-गाव विचारत होती, ती भेदरली होती. ताईंनी सगळ्यांना लांब केलं आणि तिच्यासमोर बसून पुस्तक वाचायला घेतलं. मी गेलो, हात धरला, चल म्हणालो. तिनं हात ओढून घेतला.

"मी परक्या माणसासंगं जाणार न्हाई."

पेपर वाचणाऱ्यांनी माना खाली घातल्या. संसार एवढा मोठा झाला, त्याचा पुरावा कुठून आणायचा? ताईंनी उघडं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि ओळीवर बोट ठेवलं. मी वाचू लागलो. हरवलेलं पाडस शोधणाऱ्या वनदेवतेची गोष्ट होती. सुमंगलाचा चेहरा निवळला. मी वाचत वाचत दाराकडे सरकलो, तशी ती उठली. पायऱ्या उतरलो, रस्त्याला लागलो. मी पुढं मोठ्यानं वाचतोय, ती मागून ऐकत येतेय. फळवाल्यानं गाडा बाजूला घेतला. कुणीतरी हसलं, मग गप्प झालं. माझे डोळे पुस्तकात, म्हणून योगिनीताईंनी माझा दंड धरलेला. वाचनालय तसंच उघडं टाकून आल्या होत्या.

गोष्ट मात्र घराच्या अलीकडेच संपली, पुस्तकातली शेवटचीच होती ती. आयुष्यात कधी काही रचलं नव्हतं, ते त्या दिवशी रचलं. कोरी पानं उलटत म्हणालो, पाडसाला वाटेत एक निळं फाटक दिसलं, आत तुळस होती, आणि वनदेवी म्हणाली, आता इथंच थांबायचं. सुमंगलानं आमचं निळं फाटक पाहिलं, स्वतःच्या हातानं उघडलं आणि आत गेली.

त्या उन्हाळ्यात ती गेली. वरद आला, सगळं नीट केलं, सोबत चला म्हणाला. मी राहिलो. आता मला मनात वाचता येत नाही. मोठ्यानं वाचावं तर रिकाम्या घरात स्वतःचाच आवाज परका वाटतो. हे कळल्यावर ताईंनी सांगितलं, दुपारी इथं कुणी नसतं, या आणि वाचा. तेव्हापासून मी वाचतो आणि ताई पुस्तकांवर शिक्के मारतात. मधेच शिक्क्याचा आवाज थांबतो. तेवढ्यावरून कळतं, कुणीतरी ऐकतंय.

उद्या ताई बहिणीकडे लातूरला निघणार. नवे ग्रंथपाल चांगलेच असतील, शंका नाही. ताई, तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते मला नेमक्या शब्दांत सांगता आलेलं नाही. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, एवढंच मागतो.

अध्यक्षांनी संधी दिली, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल, वेळही जास्त घेतला असेल, ते पोटात घाला. घरी वाट बघणारं कुणी नसलं की माणसाला थांबायचं सुचत नाही.

नमस्कार.