दुपारची ऊब

इंजिनिअर : मग काय, हा व्हॉल्व्ह आपोआप फिरतो का, काका? तीन दिवस बघतेय मी. दुपारचे दोन वाजले की टाकीतली ऊब घसरायला लागते आणि पहाटे नळाला गार पाणी!

बॉयलरकाका : जुना बॉयलर होता तेव्हा असली भानगड नव्हती. पेटवला की पाणी कढत.

इंजिनिअर : आणि धुराने खोकून खोकून कोण बेजार व्हायचं? तुम्हीच ना? विषय बदलू नका. या टाकीत मीठ आहे. दिवसभर छतावरच्या सौर विजेवर ते वितळतं, रात्री गोठताना ऊब सोडतं, खोल्यांनाही आणि नळालाही. भरत आलेली टाकी दुपारीच रिकामी केली तर पहाटेला उरणार काय? कपाळ?

मेट्रन : अहो, हळू बोला दोघंही, शेजारी म्हातारी माणसं जेवायला बसलीत. दवाखान्यातून फोन होता. आपल्या मास्तरांचा ताप उतरलाय.

बॉयलरकाका : उतरला? सुटलो बुवा.

मेट्रन : पण त्यांना गार पाण्याने आंघोळ घडली ती आपल्या वृद्धाश्रमात. कमिटी सोमवारी टाकी काढायचं म्हणतेय.

इंजिनिअर : झालं! दोन वर्षं जीव आटवला मी हिच्यापायी. ऐकलंत काका?

बॉयलरकाका : ऐकलं. व्हॉल्व्ह मीच उघडतो. रोज. कमिटीला माझं नाव सांगा.

मेट्रन : काका, अहो का पण?

बॉयलरकाका : का म्हणजे? दुपारी तुम्ही हापिसात असता मेट्रनबाई. जेवण झालं की ही माणसं खुर्च्यांवर बसून काकडतात. परवा तर सात नंबरच्या आजींच्या हातात कप ठरेना. म्हटलं, आधी यांची खोली तापवू, पहाटेचं पहाटे बघू. चुकलंच माझं.

इंजिनिअर : मला का नाही सांगितलंत?

बॉयलरकाका : दोनदा आलो होतो. पहिल्यांदा तुम्ही फोनवर होतात. दुसऱ्यांदा म्हणालात, काका, किल्ल्या तेवढ्या ठेवून जा.

इंजिनिअर : ...पण हिशेब पक्का होता माझा. थंडी रात्रीच जास्त असते.

बॉयलरकाका : बाहेर असते हो! रात्री एकेकाच्या अंगावर दोन-दोन रजया. उकडतं म्हणून खिडक्या उघडतात ते, आणि तुमची टाकी रात्रभर गल्ली तापवत बसते.

इंजिनिअर : खिडक्या उघडतात? मेट्रनबाई, खरं का हे?

मेट्रन : खरंय. रात्री दोनदा उठून लावते मी. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.

इंजिनिअर : म्हणजे ऊब पुरेशी आहे. रात्रीची कमी करायची, थोडी दुपारी द्यायची, पहाटेची राखून ठेवायची. एवढंच! आणि मी तीन दिवस पाइपांना कान लावून फिरतेय! काका, सांगा आता, कुणाला किती वाजता थंडी वाजते?

बॉयलरकाका : मला काय विचारता? ते काय पलीकडे जेवताहेत. त्यांनाच विचारा.

इंजिनिअर : चाळीस जणांना? संध्याकाळ होईल.

बॉयलरकाका : होऊ दे की. फक्त जरा मोठ्याने विचारा, निम्म्यांना ऐकू येत नाही.