एक वर्ग, दोन तास, मध्ये कपाट

…नाही, मला सांगा, सहा वर्षं परदेशात शिकून मी परत आले ती काय कपाटाशी बोलायला? माझ्या डोळ्यांसमोर काय होतं… मुलं गोल करून बसलीत, मी फ्रेंचमध्ये विचारतेय, ती फ्रेंचमध्ये हसताहेत! आणि या हायस्कुलात मिळालं काय? एक वर्ग, दोन तास, मध्ये कपाट! अलीकडे माझं फ्रेंच, पलीकडे सरांचा व्यवसायाचा, म्हणजे अर्ज-पत्रं लिहायचा तास. मोठ्या बाईंकडे गेले, तर म्हणाल्या, "अगं, खोल्याच नाहीत. तू जरा हळू आवाजात शिकव ना!" हळू! बोलायची भाषा, आणि ती हळू!

आणि सर… तुम्हाला सांगते, माणूस सोन्यासारखा, पण आवाज असा की कपाटावरचा पृथ्वीगोल आपोआप फिरावा! मी इकडे जीव तोडून "बोंजूर" म्हणवून घेतेय, आणि पलीकडून, "विषय लिहा! संदर्भ लिहा! सोबत काय जोडलंय ते लिहा! आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर काय पाठवाल?" आणि माझी मुलं, हो, माझी, एका सुरात, "स्मरणपत्र!"

तीन महिने काढले हो असे! मग मी गृहपाठ दिला, आवडत्या माणसाला फ्रेंचमध्ये पत्र लिहा. कपाटाला टेकून बसते ती मुलगी, आवाज एवढासा म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात, तिची वही उघडली तर काय? "माननीय महोदया, विषय : माझ्या आईला पंधरा दिवस रजा मिळण्याबाबत." अर्ज! फ्रेंचमध्ये अर्ज! तशीच वही घेऊन मोठ्या बाईंकडे धावले. "बघा, माया करा म्हटलं तर ही मुलं अर्ज करतात!" त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बरं बाई, उद्या सकाळी कपाट बाहेर काढू. सर बसतील जिन्याखालच्या खोलीत. झालं समाधान?"

झालं की! जिंकले मी!

घरी जाऊन मग पुढचं वाचलं… तेव्हा, हो, तेव्हा! "संदर्भ : आई चार वर्षं तिकडे फ्रान्समध्ये आपल्याला सांभाळायला आहे, त्याबद्दल. आपले गुडघे आता बरे असतील, अशी आशा आहे. आपल्याला पंधरा दिवस दुसरं कुणी सांभाळू शकेल का?" आणि शेवटी, "सोबत : दोरा, एक. हा माझ्या उंचीचा आहे. आई जाताना तेव्हाचा दोरा मोजून घेऊन गेली, तो आता मला खांद्यापर्यंतच येत असेल. कृपया तिला दाखवावा."

पानाला चिकटपट्टीनं दोरा लावलेला. मी उलगडत गेले, उलगडत गेले… तीन चुका होत्या पत्रात. लाल पेन काही उघडेना.

सकाळी लवकर गेले, तर शिपाईमामांचे हात कपाटाला लागलेले. "थांबा मामा!" चिमणी दारातच होती. म्हटलं, "अगं, आवडत्या माणसाला लिहायचं होतं ना? हे त्या आजींना कसं?"

"बाई, आईला लिहून काय होणार? तिला यायचंच असतं. सोडायचं त्या आजींनी. त्यांना आपली भाषा येत नाही, म्हणून तुमची घेतली. आणि सर म्हणतात, अर्जाला उत्तर द्यावंच लागतं."



मामांना म्हटलं, कपाट राहू दे. तास भरल्यावर वही घेतली आणि पहिल्यांदाच पलीकडे गेले. "सर, जरा तपासता? आज टपालात टाकायचंय." सरांनी मजकूर माझ्याकडून समजून घेतला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. म्हणाले, "तारीख राहिलीय." मग खाकरून, नेहमीच्याच आवाजात, पृथ्वीगोल हलेल असं, "आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर काय पाठवाल?"

एक वर्ग, दोन तास, मध्ये कपाट, आणि दोन्हीकडून एकच आवाज, "स्मरणपत्र!"

सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं, ते मात्र विचारू नका.