आठ वर्षांच्या मापाचा फ्रॉक

—हो हो, माझंच मशीन. सकाळी सातपासून चालू आहे, आणि तुम्ही रात्रपाळी करून आलेल्या, नेमकी तुमच्या डोक्यावर माझी खोली — सगळं कबूल. पण आता आलाच आहात तर टेका जरा, सिस्टर. थांबा, त्या खुर्चीवर टाचण्या आहेत. हां, आता बसा. तुम्हाला वाटलं असेल वर कोणी शिवणवाली बाई राहते, नाही का? सगळ्यांना तसंच वाटतं. आणि दार उघडतो तर हा सत्तरीचा म्हातारा, गळ्यात टेप, ओठांत टाचणी. हसा, हसा. मीही हसतो कधीकधी, पण एकट्याचं हसणं लवकर आटपतं.

मी मूळचा वजनमापवाला. म्हणजे दुकानादुकानांतून काटे, वजनं, मीटरपट्ट्या तपासायच्या, शिक्का मारायचा — चौतीस वर्षं. मी लांबून दिसलो तरी कापडवाल्याला घाम फुटायचा. शिवण ही माझ्या बायकोची. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. मागं राहिलं हे मशीन आणि एक गाठोडं, चिंध्यांचं — चिंध्या म्हणायचं नाही हं, तिला राग यायचा, तुकडे म्हणायचं. आम्हाला एकच मुलगी. तिच्या झबल्यापासून शाळेच्या गणवेशापर्यंत घरात जे जे शिवलं, त्याचा उरलेला तुकडा त्यात. माझ्या शर्टांचेसुद्धा. मी म्हणायचो, हे टाक आता. ती म्हणायची, तुम्हाला टाकीन एक वेळ.

मग मी शिकलो. कसं म्हणजे? मोबाईलवर. फुकट नमुने मिळतात हो, ढिगानं — पिशवीचे, टोपीचे, फ्रॉकचे, पाहिजे त्या मापाचे. कुठली कोण बाई बसून आखते आणि देऊन टाकते जगाला. आपण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचं, पानाला पान चिकटवायचं, की अख्खा कागदाचा फ्रॉक टेबलावर. आधी पिशव्या केल्या. एवढ्या केल्या की ठेवायला जागा नाही, मग इमारतीत एकेकाच्या दाराच्या कडीला अडकवून आलो. तुमच्याही होती ना, निळ्या फुलांची? तो मीच. नाव लिहिलं नव्हतं, कारण — कारण वाटलं, कोणीतरी विचारत येईल, ही कोणाची म्हणून. कोणी आलं नाही. असू दे, लोकांना कामं असतात.

हा बघा, हा फ्रॉक. नातीचा. आठ वर्षांची आहे. पुढचा भाग तिच्या आईच्या गणवेशाचा, कॉलर आजीच्या पडद्यांची, बाह्या माझ्या शर्टाच्या. कसा झालाय? — खोटं नका बोलू, हातात घेतल्याबरोबर ओळखलंत तुम्ही. लहान आहे. काय झालं सांगू? नमुन्याच्या पहिल्या पानावर एक चौकोन असतो, पाच सेंटिमीटरचा. छापून आणलं की आधी तो मोजायचा. पाच भरला तरच कापडाला कात्री लावायची, कारण झेरॉक्सवाला कागदात मावावं म्हणून सगळंच आक्रसून छापतो. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पट्ट्या मोजल्या, आणि हा एक चौकोन मोजला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! काल मोजला. साडेचार. आठचा म्हणून कापला, तो सहाचा निघाला. मी शेवटची पाहिली तेव्हा सहाचीच होती ती.

कालच का मोजला? काल मुलीचा फोन आला. दोन वर्षांनी. तसं काही झालं नव्हतं हो, घराघरांत होतं तेवढंच — नाही, सांगतो, डॉक्टर-सिस्टरपासून काय लपवायचं. आई गेल्यावर चौथ्या दिवशी म्हणाली, बाबा, मला दुसरं काही नको, आईचं गाठोडं तेवढं द्या. आणि मी म्हणालो, चारचौघांत, तिच्या नवऱ्यादेखत — आजारपणात फिरकली नाहीस आणि आता चिंध्या न्यायला आलीस होय? सिस्टर, आजारपणात ती दोनदा येऊन राहिली होती. रात्र रात्र जागली होती. मला माहीत होतं. तरी बोललो. कोणावर तरी चिडायचं होतं मला, आणि तीच समोर होती. पोरीचा हात धरून निघून गेली ती गेलीच.

आणि काल म्हणते, उद्या दुपारी तुमच्याच रस्त्यानं जायचंय, गाठोडं आहे ना अजून? मी म्हणालो, आहे ना! असणारच! — हे बघा, हे एवढं आहे. दोन मुठी. अर्धं तुम्हा लोकांच्या दारांवर गेलं, अर्धं या फ्रॉकात. तो तरी सैल करावा, तर शिवणीत जास्तीचं कापड सोडलेलंच नाही, नवशिका ना मी. म्हणून सकाळपासून दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडतोय, उसवतोय, परत जोडतोय. ठिगळं दिसतात ना? दिसतातच.

सिस्टर, एक मागू? लगेच नाही म्हणू नका. तुम्ही तिला सांगाल का, की गाठोडं तुम्ही नेलं? दवाखान्यासाठी, गरजूंसाठी, काहीही सांगा — तुम्ही मागितलंत म्हणून मी दिलं. दिलं म्हटल्यावर ती काही बोलायची नाही. तुमचं काय जातंय? दोन वाक्यं... हं. नाही ना? बरोबर आहे. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मीच दंड ठोकला असता.

—बेल. श्श. उठू नका. खुर्ची वाजवू नका. दोनदा वाजवते ती, तिसऱ्यांदा वाजवायची नाही, मानी आहे, माझ्यावर गेलीय. — ही दुसरी. आता जाईल. जाऊ दे. संध्याकाळी फोन करीन, म्हणेन डोळा लागला होता. दोन वर्षं काढलीच की — ऐकलंत? मुलीचा नव्हे, नातीचा आवाज. आजोबा पडले असतील का गं, विचारतेय. थांबू या ना, म्हणतेय. किती मोठा झाला हो आवाज. — आलो! आलो गं बाळ, पडलो नाही, आहे मी! — सरका, सिस्टर, कडी मी काढतो. तो फ्रॉक तिथंच राहू दे, झाकू नका. जा तुम्ही आता. जा.