अडचण नसलेला माणूस

नाही, माझं म्हणणं काय, मोजा ना, माणसं मोजायला माझी ना नाही, पण माणसं म्हणजे काय परातीतले वाटाणे आहेत, परात हलवली की हवा तो बरोबर वर येणार? आमच्या साहेबांना तसंच वाटतं, तुम्हाला सांगतो. आणि परात हलवायची कोणी? मी. रिपोर्ट करणारा मी ना. आम्ही पाण्याचे पंप विकतो, पण मी आजपर्यंत एक पंप चालू केलेला नाही, मी फक्त किती विकले, किती परत आले, किती परत येऊन पुन्हा त्याच माणसाला विकले, हे मोजतो.

तर झालं काय, कंपनीनं एक नवं गोदाम घेतलं. कुठे? जिथे जायला सकाळी निघालेला माणूस बस बदलत बदलत दिवेलागणीला पोचतो, तिथे. तिथे एक माणूस पाठवायचा, दोन वर्षांसाठी. साहेबांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, नावं नकोत. नावं आली की वशिले येतात. मला आकडा सांगा." मला काय, मी खूश. आकड्याला बायकामुलं नसतात, आकडा तोंड पाडून समोर उभा राहत नाही.

अटी तीन, एकेका अटीचे आकडे मी दिले. पन्नाशीच्या आतले तीस. कॉम्प्युटर येणारे पंचवीस. पाच वर्षांच्या वर नोकरी झालेले अठ्ठावीस. साहेबांनी काय केलं असेल? बेरीज. अहो, कागदावर रेघ मारून खाली बेरीज केली आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "त्र्याऐंशी. बघा, मी नेहमी म्हणतो, आपल्याकडे माणसांना तोटा नाही." ऑफिसात आम्ही सगळे मिळून बेचाळीस, त्यात एक साहेब स्वतः. आता यांना कसं सांगायचं? म्हटलं, "साहेब, अशी बेरीज नाही करायची, आपला ड्रायव्हर पन्नाशीच्या आतला आहे आणि पाच वर्षांच्या वरचाही आहे, म्हणजे तुम्ही त्याला दोनदा मोजलात." साहेब म्हणाले, "दोनदा? आणि कामाला एकदाही सापडत नाही."

मग मी त्यांना समजावलं, की एकेक अट वेगळी मोजून उपयोग नाही, प्रत्येक माणसाला सगळ्या अटी विचारायच्या, एका जरी अटीला नाही म्हणाला तरी तो बाहेर. हे त्यांना इतकं आवडलं, इतकं आवडलं… मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून एकच धोशा, "सगळ्या अटी एकदम लावा. नावं नकोत, आकडा सांगा." लावल्या. अकरा आले.

"अकरा फार झाले," साहेब म्हणाले. जागा एक, माणसं अकरा. डोळे मिटून बसले थोडा वेळ, मला वाटलं लागली डुलकी, तर एकदम म्हणाले, "चौथी अट घाला. घरची, तब्येतीची कसलीही अडचण नसलेला." आणि लगेच बोर्डावर सूचना, की ज्यांना अडचण असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत माझ्याकडे नोंदवावी. माझ्याकडे म्हणजे माझ्याकडे. माझ्या शीटमध्ये 'अडचण' नावाचा नवा रकाना.

काय सांगू तुम्हाला. शुक्रवारपर्यंत माझ्या टेबलापुढे जी रीघ लागली… पगाराच्या दिवशी कॅशियरबाईंपुढे लागत नाही अशी. पहिला आला स्टोअरकीपर, एक हात कमरेवर. सकाळी याच माणसाला मी पंपाची पेटी खांद्यावरून नेताना पाहिलेला. म्हणाला, "पाठ. लिहा, तीव्र पाठदुखी." लिहिलं. त्यानं वाकून स्क्रीनवर बघितलं, अगदी व्यवस्थित वाकला, आणि म्हणाला, "तीव्रच्या वर काही असतं का हो?" म्हटलं, अतितीव्र असतं. "मग ते घाला."

मग कॅशियरबाई. "माझ्या सासूबाईंना माझ्याशिवाय करमत नाही." आता याच बाई गेली कित्येक वर्षं डबा खाताना मला विचारतायत, सासूला ठेवून घेईल असं कोणी माहितीत आहे का? पण मी लिहून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते बहुतेक खरं होतं. मग एक आमचा नवरदेव, लग्न ठरतंय म्हणाला. कधी? "ते अजून ठरायचंय." कोणाशी? "तेही." मी लिहिलं, 'विवाह अपेक्षित'.

आणि ड्रायव्हर. तो म्हणाला, मला गाडी लागते. ड्रायव्हरला! "मी चालवली तर काही होत नाही हो, दुसऱ्यानं चालवली की मळमळतं, आणि तिकडे बसनं जायचंय." मी म्हटलं, "अरे बाबा, तुला कॉम्प्युटर येत नाही, तू दुसऱ्याच अटीला बाहेर आहेस." तर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "असू द्या, साहेब अटी काढतात पण, नोंद असलेली बरी." तेव्हा मी हसलो होतो.

सगळ्यांचं लिहिलं. एकेकाचं मनापासून, नीट शब्द निवडून, कोणाची अडचण दुसऱ्याच्या अडचणीपुढे फिकी पडू नये असं. शुक्रवारी संध्याकाळी शीट बंद केली आणि सोमवारी सकाळी साहेबांपुढे उभा. "सगळ्या अटी एकदम?" लावल्या. "नावं नकोत, आकडा सांगा." म्हटलं, "एक."

साहेब उभेच राहिले. एक जागा, एक माणूस. माझा हात हातात घेऊन हलवला, आणि मग म्हणाले, "छान. आता नाव सांगा."

मी म्हटलं, बघून सांगतो. जागेवर येईपर्यंत, खोटं नाही सांगत, माझा जीव त्या माणसासाठी तुटत होता. कोण असेल बिचारा? दोन वर्षं तिकडे, एकटा. वाटेत कॅशियरबाईंना सांगितलंसुद्धा, निरोपाला चांगलंसं काहीतरी घेऊ, सगळ्यांकडून वर्गणी काढू, माझी धरा. त्यांनी लगेच कागदावर पहिली माझी वर्गणी लिहिली. मग मी शीट उघडली, चारही अटींचा फिल्टर लावला. बेचाळीसातल्या एकेचाळीस ओळी गेल्या, एक राहिली. माझी.

वय, बसतंय. कॉम्प्युटर, येतो. नोकरी, झाली. अडचण… रकाना कोरा. अहो, सगळ्यांच्या लिहिता लिहिता माझी लिहायची राहूनच गेली, आणि मशीनला काय कळतं, कोरं म्हणजे अडचण नाही. अख्ख्या ऑफिसात सुखी माणूस एकच, आणि स्वतःच्या निरोपाची पहिली वर्गणी त्याचीच.

म्हटलं, अजून कोणी बघितलेलं नाही, घालू पटकन. कर्सर त्या रकान्यात नेला, आणि तुम्हाला सांगतो, काही सुचेना. बायकोला फोन लावला. "अगं, माझी अडचण काय आहे?" ती म्हणाली, "कुठून सुरू करू?"

पण मला माहीत होतं हो. माझी अडचण म्हणजे माझे वडील. त्यांना आता दिसत नाही, म्हणजे माणसाचा आकार दिसतो, अक्षर दिसत नाही. रोज सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवतो, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, हवामानसुद्धा. बायकोची नोकरी सकाळची, घरात दुसरं कोणी नाही. तेवढा एक तास ते पूर्वीसारखे असतात, चिडतात, हसतात, मंत्र्यांची अक्कल काढतात. हे लिहायचं कसं? 'वडिलांना पेपर वाचून दाखवावा लागतो.' वर बघितलं तर अतितीव्र पाठदुखी, खाली विवाह अपेक्षित. माझीच अडचण मला केवढीशी वाटायला लागली. लिहिली, खोडली, साहेबांना सांगितलं मशीन बंद पडलंय, उद्या सांगतो.

घरी जाऊन बाबांना विचारलं, मी दोन वर्षं बाहेरगावी गेलो तर चालेल का? "न चालायला काय झालं?" म्हणाले. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझं मी वाचीन." आणि टेबलावरचा पेपर उचलून मोठ्यानं वाचायला लागले, चांगलं खणखणीत. मी ऐकत उभा. पेपर आजचा, बातम्या सगळ्या कालच्या. मी वाचून दाखवलेल्या, माझ्या अडखळण्यासकट त्यांना पाठ होत्या. मी आत गेलो आणि मोरीत नळ सोडून उभा राहिलो थोडा वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात शिरल्या शिरल्या आधी रकाना भरला. 'वडिलांना माझी गरज आहे.' बस. फिल्टर लावला, साहेबांपुढे गेलो आणि म्हटलं, "शून्य."

"काल एक होता."

"होता."

"मग गेला कुठे?"

"त्याची अडचण निघाली, साहेब."

"कोणाची?"

म्हटलं, "साहेब, नावं नकोत ना?"

आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबांना असं बोललो. त्यांनी कागदावर शून्य लिहिलं. मग म्हणाले, "शून्य माणूस पाठवता येत नाही. चौथी अट काढा." काढली. अकरा परत आले, पाठ, सासू, नवरदेव, सगळे. मला वाटलं, आता चिठ्ठ्या टाकतील, अकरातला एक, कदाचित मी, कदाचित नाही. ड्रायव्हर आठवला, साहेब अटी काढतात पण, म्हणाला होता. आणि साहेब म्हणाले, "हे बघा, तिथला माल रोज मोजावा लागणार. तेव्हा नवी अट घाला, ज्याला असा रिपोर्ट करता येतो. सगळ्या अटी एकदम." मी तिथे उभ्या उभ्या मनातच मोजलं. म्हटलं, "एक." साहेब म्हणाले, "छान. आता—" म्हटलं, "माहितीये साहेब." निरोपाला सगळ्यांनी मिळून मला सूटकेस दिली. माझ्या वर्गणीसकट.

तर तेव्हापासून मी इथे आहे, तुमच्या या गावात. गोदामात मी आणि पंप. सकाळी बाबांना फोन लावतो आणि पेपर वाचून दाखवतो, पण इथे पेपर येतो दुसऱ्या दिवशी, म्हणजे मी वाचतो त्या बातम्या तिकडे रेडिओवर त्यांच्या आधीच ऐकून झालेल्या असतात. बाबा तसं सांगत नाहीत. मधेच "अरे बाप रे" म्हणतात, पहिल्यांदा ऐकल्यासारखं, आणि मी पुढची बातमी वाचतो.

आणि परवा साहेबांचा फोन. हेड ऑफिसला माहिती हवी होती, प्रत्येक जागी किती कर्मचारी, त्यातले किती हजर, आणि हजर असून काही अडचण असलेले किती. "सगळ्या अटी एकदम लावा," म्हणाले. इथे काय लावायचं? कुठलीही लावा, मीच येतो. म्हटलं, "एक आहे, साहेब." तिकडे त्यांनी आकडा लिहून घेतला. मला वाटलं, आता विचारतील. इतकी वर्षं आकडे दिले, आज विचारतील. मी रिसीव्हर घट्ट धरला, तोंडाशी आणला, नाव अगदी जिभेवर आलं होतं.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. नाव नको."