आफ्राची पाटी

नोटबुर्गा : गुडघा दुखत असेल तर पाटी माझ्याकडे दे, कोर्बिनियान. तीन वळणं झाली, तू नुसता कण्हतोयस.

कोर्बिनियान : कण्हत नाही, श्वास घेतोय. सत्तरीत दोन्हींचा आवाज सारखाच येतो. पाटी मीच नेणार. रंगवली मी, ठोकणारही मीच. तू खिळे सांभाळ.

नोटबुर्गा : चार आहेत, खिशात. आणि हातोडी. ते खाली दिसतंय ते आउ ना?

कोर्बिनियान : ते लेंडे. आउ त्या सुळक्यामागे, आणि पलीकडच्या काठाला सांक्ट वाइट. पंचेचाळीस वर्षं या तळ्याभोवती रंगाचा डबा घेऊन फिरतोय, मला विचार. इथे उभं राहिलं की तिन्ही गावांच्या घंटा एकदम ऐकू येतात.

नोटबुर्गा : आज एकच वाजतेय.

कोर्बिनियान : मृतांचा दिवस. आज एकच वाजवतात, सावकाश.

नोटबुर्गा : ठाऊक आहे मला. म्हणून तर आजच चल म्हटलं. थांब जरा, ही पाटी कुणाची? अक्षरं पार गेलीत.

कोर्बिनियान : लाकूडतोड्या सेपची. माझ्या आज्यानं रंगवलेली. ‘सेपनं झाड तोडलं, झाडानं सेपला. वाटसरा, हसू नकोस, एक प्रार्थना म्हण.’

नोटबुर्गा : आफ्रा लहानपणी इथे पोचली की हसायचीच. आणि मग हात जोडून घाईघाईनं प्रार्थना म्हणायची, सेप रागावेल म्हणून.

कोर्बिनियान : आवाज काय होता पोरीचा! रविवारी चर्चच्या माडीवरून तिचा सूर उतरला की माझ्यासारखा दगडसुद्धा डोळे पुसायचा.

अनोळखी बाई : ग्र्यूस गॉट! ‘पाद्रीबाबाची खुर्ची’ म्हणतात ती उंचावरची जागा याच वाटेनं ना? तिथून सगळं तळं दिसतं म्हणे. फोन वीस मिनिटं दाखवतोय.

कोर्बिनियान : फोनला गुडघे नसतात, बाई. पाऊण तास धरा. पुढे फाटा लागेल, तिथे दगडावर लाल-पांढरा-लाल पट्टा आहे. तिथून उजवीकडे वळायचं. सरळ जाऊ नका.

अनोळखी बाई : सरळ काय आहे?

कोर्बिनियान : काही नाही. शेळ्यांची जुनी वाट होती.

नोटबुर्गा : कडा आहे. माझी मुलगी पडली तिथून. मिखाएलच्या सणाला.

अनोळखी बाई : अरे देवा! माफ करा. मला खरंच... मी सावकाश जाईन. उजवीकडे.

नोटबुर्गा : जा, बाई. धुकं नाही आज. सुखरूप जा.

कोर्बिनियान : परक्या बाईला कशाला सांगायचं ते?

नोटबुर्गा : गावातल्यांना कुणाला सांगू? गाव मलाच सांगतं. परवा बेकरीत मी आत शिरले आणि पाच बायका एकदम पावाच्या भावावर बोलायला लागल्या. लोक म्हणतात जीव दिला; तरी पाद्रीबाबांनी तिला चर्चच्या आवारात पुरलं, त्यांचे उपकार. पण अख्ख्या प्रवचनात ‘अपघात’ हा शब्द एकदाही तोंडातून काढला नाही. मी वाट बघत होते, कोर्बिनियान. प्रत्येक वाक्याला वाटायचं, आता म्हणतील.

कोर्बिनियान : लोकांच्या जिभेला हाड नसतं, बुर्गा.

नोटबुर्गा : त्यांचंही काय चुकलं? ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो पोरगा उन्हाळ्यात दुसरीबरोबर इन्सब्रुकला निघून गेला. त्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी नुसती बसलेली. मी म्हटलं, असं तोंड पाडून बसू नकोस, ऊठ, तळ्याला एक फेरी मारून ये. मी म्हटलं तसं. उठली, जोडे घातले. तेवढंच. परत वळून काही बोलली का, ते आठवायचा प्रयत्न करते. आठवत नाही.

कोर्बिनियान : चल, फाटा आलाच. इथेच ठोकू या, या पाइनवर. कड्यापर्यंत नको.

नोटबुर्गा : दाखव आधी. कापड काढ.

कोर्बिनियान : ही बघ. निळा झगा घातलाय तिला, गायनाच्या दिवशी घालायची तो. वर ढगात माउली, हात पसरून. बोटं नीट जमली नाहीत. हात थरथरतो हल्ली.

नोटबुर्गा : चेहरा तिचाच आहे. ‘इथे आफ्रा देवाघरी गेली. वाटसरा, एक प्रार्थना म्हण.’ ... मी तुला काय लिहायला सांगितलं होतं?

कोर्बिनियान : जागा पुरली नाही.

नोटबुर्गा : ‘पाय घसरून पडली’, एवढंच सांगितलं होतं. सेपच्या झाडाला जागा पुरली आणि माझ्या मुलीच्या पायाला पुरली नाही? म्हणजे तुलाही वाटतं तर. तू तिचा धर्मबाप! बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली तिचं डोकं धरलं होतंस ते तू!

कोर्बिनियान : मला तसं मुळीच वाटत नाही.

नोटबुर्गा : मग घसरली लिही!

कोर्बिनियान : घसरलीही नाही ती. बुर्गा, खिळे दे. ऊन उतरतंय.

नोटबुर्गा : नाही देत. पोलिसवाला मला काय म्हणाला, ठाऊक आहे? याच दगडापाशी उभा राहून. ‘आई, हा पट्टा बघा, शंभर पावलांवरून दिसतो. हा दिसूनही माणूस सरळ गेला, तर तो चुकून जात नाही.’ तेव्हापासून रोज हा पट्टा डोळ्यांसमोर आहे. आज पहिल्यांदा निरखून बघतेय. केवढा लखलखीत रंगवलायस रे! कधी रंगवलास?

कोर्बिनियान : मे महिन्यात. दरवर्षी मेमध्येच रंगवतो, बर्फ वितळलं की.

नोटबुर्गा : मेमध्ये.

(ती दगडापाशी बसते आणि नखाने रंग खरवडते.)

नोटबुर्गा : ही सुई बघ.

कोर्बिनियान : कसली सुई?

नोटबुर्गा : लार्चच्या झाडाची, पानाची. रंगात अडकलीये. वरून चिकटलेली नाही, आत बुडालीये. पिवळी आहे, कोर्बिनियान. आणि ही दुसरी. मेमध्ये लार्चला हिरवी पालवी असते. पिवळ्या सुया झडतात त्या ऑक्टोबरात.

कोर्बिनियान : बुर्गा...

नोटबुर्गा : आफ्रा गेली सप्टेंबरच्या शेवटी. बारा दिवस सगळे तळ्यात गळ टाकत होते. बाराव्या दिवशी संध्याकाळी तू खाली आलास आणि म्हणालास, कड्याखाली बघा. तू त्या दिवशी रंग घेऊन वर आला होतास?

कोर्बिनियान : हो.

नोटबुर्गा : पट्टा नव्हता इथे?

कोर्बिनियान : नव्हता. थंडीनं पापुद्रा सुटून गेला होता. बोटभर पांढरा उरला होता, तोही शेवाळ्याखाली.

नोटबुर्गा : आणि मेमध्ये?

कोर्बिनियान : मेमध्ये मी आलोच नाही इथवर. गुडघा असा सुजला होता! सेपच्या पाटीपाशी बसलो, पाव खाल्ला, दोन चिलमी ओढल्या आणि उतरलो. खाली सांगितलं, सगळ्या खुणा झाल्या. पंचेचाळीस वर्षांत कुणी तपासायला आलं नाही, यंदा तरी कोण येणार! तिला शोधायला आलो तेव्हा हा दगड कोरा दिसला. सरळ पुढे गेलो, कड्यावरून वाकून पाहिलं. निळी ओढणी दिसली. मी... आधी खाली धावत जायला हवं होतं. मी आधी घरून डबा आणला.

नोटबुर्गा : आधी रंगवलास.

कोर्बिनियान : डॉक्टर म्हणाले, ती त्याच क्षणी गेली होती. बारा दिवस नाही. त्याच क्षणी. नाहीतर मी...

नोटबुर्गा : ते माझ्यासमोर बोलू नकोस. आणि तो पोलिसवाला तुझ्यासमोर बोलत होता. तू टोपी हातात घेऊन मान हलवत होतास.

कोर्बिनियान : हो.

नोटबुर्गा : पाच आठवडे! पाच आठवडे मी देवाला विचारतेय, तिला माझ्याजवळ राहायचं नव्हतं का. माझ्या चुलीपाशी येऊन माझ्या हातचं सूप प्यालास तू, आणि तुझ्याकडे उत्तर होतं.

कोर्बिनियान : पाद्रीबाबा म्हणतात ना, पाप पाण्यासारखं असतं, कितीही अडवा, उताराला वाट शोधतंच. मला रोज वाटायचं, आज फुटेल. नाही फुटलं. तिला वाट ठाऊक होती असं मी मनाला सांगत राहिलो.

नोटबुर्गा : त्या दिवशी दाट धुकं होतं. धुक्यात माणूस वाटेवर चालत नाही, खुणेवर चालतो. हे तिला शिकवलं कुणी? सहा वर्षांची होती. ‘आफ्रा, वळायचं असेल तर मी दगडावर सांगेन. सांगितलं नाही, तर बिनधास्त सरळ जा. तुझ्या धर्मबापाची खूण कधी चुकत नाही.’ घरी येऊन मला म्हणून दाखवलं होतं तिनं, कंबरेवर हात ठेवून, तुझ्याच आवाजात.

कोर्बिनियान : मला ढकलून दे तिथून. खरंच सांगतो.

नोटबुर्गा : आणि मग तुझी पाटी कुणी रंगवायची? रडू नकोस. मला अजून रडता आलेलं नाही, आणि तू माझ्याआधी रडतोस! ... तिनं उडी मारली नाही.

कोर्बिनियान : नाही मारली.

नोटबुर्गा : मोठ्यानं म्हण.

कोर्बिनियान : आफ्रानं उडी मारली नाही. ती घरी यायला निघाली होती. मी सांगेन ते सरळ मानून चालत होती.

नोटबुर्गा : रविवारी चर्चमध्ये हेच म्हणायचं. प्रवचन संपल्यावर, सगळे बसलेले असताना. बेकरीतल्या पाचही जणी असतील.

कोर्बिनियान : म्हणतो. त्यानंतर या तळ्याकाठी मला कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही.

नोटबुर्गा : नाही विचारणार. मीही कदाचित नाही. माफ केलं असं मी म्हटलेलं नाही, ध्यानात ठेव. डबा आणलायस?

कोर्बिनियान : पिशवीत आहे. बारीक कुंचलाही आहे. कडा झिजल्या तर म्हणून...

नोटबुर्गा : ‘देवाघरी गेली’च्या वर जागा आहे. लिही, ‘खूण पुसली होती.’

कोर्बिनियान : ...लिहिलं.

नोटबुर्गा : आता खाली. ‘एक प्रार्थना’ लिहिलंयस, तिथे दोन कर.

कोर्बिनियान : दोन? दुसरी कुणासाठी?

नोटबुर्गा : नाव घालू नकोस. दोन कर, आणि हात स्थिर ठेव.