मार्क नंबर सात

पोलीस ठाणे मानोरा, जि. वाशिम
दिनांक २१/०४/२०२५, दुपारी १२.४० वा.

नाव लालसिंग मोहन आडे, वय ३४ वर्षे, शिक्षण बारावी पास, धंदा मजुरी, हंगामात मासेमारी बोटीवर खलाशी, रा. पळसदरी तांडा, ता. मानोरा. मोबाईल आहे, बटणाचा.

मला कोणी बोलावले नाही. मी आज आपणहून ठाण्यात आलो असून विचारल्यावरून खालीलप्रमाणे सांगतो.

मी वरील पत्त्यावर पत्नी मंजू व दोन मुलींसह राहतो. बादल सेवादास राठोड हा माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. त्याची आई हिरीबाई यांनी जानेवारी महिन्यात या ठाण्यात तो हरवल्याची खबर दिली आहे. बादल हरवलेला नाही. तो कुठे आहे हे मला माहीत आहे.

मी चार वर्षांपासून सप्टेंबर ते डिसेंबर रत्नागिरीकडे बोटीवर कामाला जातो. मागील हंगामात बादल पहिल्यांदाच माझ्यासोबत आला. त्याला मीच नेले. आम्ही कारंजा लाड येथून गाडीने गेलो. बोटीचे नाव जलदेवी. बोटीवर आम्ही अठरा खलाशी होतो. बोट चालवणाऱ्याला तिकडे तांडेल म्हणतात. आमचा तांडेल दत्ताराम नावाचा इसम, वय अंदाजे साठ. खलाशांच्या सरकारी यादीत बादलचे नाव चढवलेले नव्हते. मालकाचा माणूस म्हणाला, "पुढच्या महिन्यात चढवू."

बोटीवर सोनार नावाचे मशीन आहे. ते पाण्यात आवाज सोडते आणि जे मध्ये येईल ते पडद्यावर ठिपका म्हणून दाखवते. पडद्याच्या मधोमध आपली बोट, भोवती गोल. माशांचा मोठा थवा असला तर लाल दिसतो, बारीकसारीक असले तर हिरवे, पिवळे. तांडेलच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि पडद्यावरची अक्षरे इंग्रजी आहेत. मला वाचता येते म्हणून दुसऱ्या वर्षापासून त्याने मला मशीनवर बसवले. मेनूचे बटण दाबले की यादी उघडते. किती लांब पाहायचे, किती खाली पाहायचे, बारीक ठिपके ठेवायचे की गाळायचे, ते त्यात ठरवता येते. एखाद्या ठिपक्यावर लॉक टाकले तर मशीन त्याच्या मागे जाते आणि तो किती खोल आहे ते दाखवत राहते. मार्कचे बटण दाबले की त्या जागेवर नंबर पडतो व जागेचे आकडे मशीनमध्ये राहतात. तांडेल तोंडाने सांगायचा, मी करायचो.

दिनांक १२/११/२०२४ रोजी आम्ही पहाटे बंदरातून निघालो. दुपारी चारच्या सुमारास मोठा थवा दिसला. तांडेलने जाळे सोडायला सांगितले. जाळे सोडताना बोट गोल फिरते, इंजिनाचा आवाज मोठा असतो, सगळे हातघाईवर असतात. बादल मागच्या बाजूला जाळ्याची दोरी मोकळी करण्याच्या कामावर होता. मी केबिनमध्ये मशीनवर होतो. तिथून मागची बाजू दिसत नाही.

४ वाजून १० मिनिटांनी बोटीच्या मागे, अंदाजे चाळीस मीटरवर, एक लहान ठिपका आला. रंग हिरवट पिवळा. आधी तो नव्हता. मासा बाजूला सरकतो, हा सरकत नव्हता. मी त्यावर लॉक टाकले. खोली सहा वाव दाखवली. दोन्ही हात पसरले की जेवढे अंतर होते त्याला तिकडे वाव म्हणतात. मग नऊ. मी तांडेलला म्हणालो, "तांडेल, हे माशासारखं नाही. सरळ खाली चाललंय."

तो जाळ्याकडे बघत होता. म्हणाला, "पंख्याचा फेस असेल तो. गाळून टाक, मला थवा नीट सांग."

बोटीखालच्या पंख्याचा फेस पडद्यावर येतो हे खरे आहे. पण फेस वर राहतो, खाली जात नाही. हे मला त्या वेळीही माहीत होते.

मी सवयीने मार्क दाबला. नंबर सात पडला. त्या वेळी खोली चौदा वाव होती. नंतर मी मेनू उघडला, दुसऱ्या पानावर गेलो, बारीक ठिपके गाळण्याचा आकडा दोनने वाढवला. ठिपका गेला. लॉक सुटले की मशीन एकदा वाजते. ते वाजले. पडद्यावर सात नंबर राहिला, त्याच्याजवळ काही नव्हते.

त्या वेळी बोट थांबवली असती तर काय झाले असते, असे हवालदार साहेबांनी विचारले. मी थांबवायला सांगितले नाही.

जाळे ओढून झाल्यावर साडेपाच वाजता चहा केला. कप वाटताना एक कप उरला. तेव्हा बादल नाही हे सगळ्यांना कळले. बोट मागे फिरवली, अंधार पडेपर्यंत शोधले. एक निळी चप्पल दिसली, ती त्याचीच होती की कोणाची हे ओळखता आले नाही. मी तांडेलला केबिनमध्ये नेऊन पडद्यावरचा सात नंबर दाखवला. त्याने डोळे बारीक करून पाहिले. मग म्हणाला, "तो फेस होता. हे कुणाला सांगू नकोस, तुझ्याच अंगावर येईल. बटण तू दाबलंस."

बंदरात आल्यावर मालकाने सगळ्यांना एकत्र बसवले. बादल सकाळी बोटीवर चढलाच नाही, आदल्या दिवशीच काम सोडून गेला, असे सांगायचे ठरले. यादीत नाव नव्हतेच. त्याची पिशवी मालकाचा माणूस घेऊन गेला. पिशवीत दोन शर्ट, एक सतरंजी, मोबाईलचा चार्जर आणि मंजूने दिलेल्या लोणच्याची अर्धी बरणी होती. पुढे जानेवारीत हिरीबाईंच्या खबरेवरून चौकशी झाली तेव्हा मीही तेच सांगितले आणि सही केली. ती सही माझी आहे. ते सांगणे खोटे होते.

मी हंगाम संपेपर्यंत त्याच बोटीवर राहिलो. दिनांक १९/११/२०२४ रोजी सकाळी अकरा वाजता आम्ही त्याच बाजूने जात होतो. पडद्यावर सात नंबर जवळ आला. तांडेल सुकाणूवर होता. मी त्याला न सांगता मेनूतला आकडा दोनने कमी केला. नंबरच्या थोडे बाजूला, अगदी तळाशी, एक ठिपका होता. हिरवट पिवळा, तेवढाच. हलत नव्हता. अठ्ठावीस वाव. तो दगड असेल, जुन्या जाळ्याचा गुंता असेल, मी खात्रीने सांगू शकत नाही. बोट त्याच्यावरून गेली. तांडेलने विचारले, "आहे काही?" मी नाही म्हणालो.

त्याच दिवशी परत येताना तांडेलने सगळे मार्क पुसायला सांगितले. मशीन विचारते, पुसायचे काय, हो की नाही. मी हो केले. सगळे नंबर गेले. त्याआधी मी सातचे आकडे वाचून घेतले होते. कुठे लिहिले नाहीत. सतरा अंश आठ मिनिटे उत्तर, बहात्तर अंश चोपन्न मिनिटे पूर्व. आकडे पाच महिन्यांनंतर बरोबर कसे आठवतात असे विचारल्यावरून सांगतो की, मी ते रोज म्हणतो.

डिसेंबरअखेर मी तांड्यावर आलो. मंजूने विचारले, "माया भाऊ कुठं हाये?" मी तिला बंदरावर ठरलेले सांगितले. बादल दुसऱ्या बाईसोबत गेला असे तांड्यात बोलू लागले. त्याची पत्नी रंजीता हिचे विहिरीवर पाण्याला जाणे बंद झाले, बाया तिला पाहून हसतात म्हणून. मी ते ऐकत होतो.

मला घरी काय त्रास होतो ते लिहिण्याची गरज नाही असे हवालदार साहेबांनी सांगितले. मी लिहायला विनंती केली. विहिरीत बादली सोडताना मी दोरी वावाने मोजतो. सहा, नऊ, चौदा. चौदाच्या पुढे माझ्याच्याने दोरी सोडवत नाही. आता पाणी मंजू काढते. कोणाच्या मोबाईलवर हिरवा ठिपका दिसला की मी तिथून उठतो. झोपेत मशीन एकदा वाजते. मंजू म्हणते, काही वाजलं नाही.

काल दिनांक २०/०४/२०२५ रोजी सायंकाळी हिरीबाई आमच्या घरी आल्या. तांड्यात सगळे त्यांना याडी म्हणतात, म्हणजे आई. मीही म्हणतो. आम्ही घरात गोरमाटी बोलतो, इथे मराठीत सांगतो. अनसिंगच्या बाजाराला जाणाऱ्या कोणीतरी त्यांना सांगितले होते की बादल तिकडे स्टँडवर दिसला. त्या सकाळीच तिथे जाऊन दिवसभर बसून आल्या होत्या. मला म्हणाल्या, "लालसिंग, तू उद्या मायासंगं चाल. मले दुरून दिसत नाही. तू पाहून सांगशील, तोच हाये का."

मी हो म्हणालो. सकाळी आम्ही दोघे निघालो. मानोरा येथे गाडी बदलायची होती. मी त्यांना स्टँडवरून इकडे घेऊन आलो. कशाला ते सांगितले नाही. त्या बाहेर बाकावर बसल्या आहेत.

बादल पाण्यात पडला हे मी डोळ्यांनी पाहिले नाही. मी ठिपका पाहिला व तो गाळला. तांडेलने सांगितले म्हणून गाळला, पण हात माझा होता. मालकाने किंवा तांडेलने मला मारहाण केली नाही. वरील जागी शोध घ्यावा, आणि बादल काम सोडून पळून गेला ही जी नोंद आहे ती खोडावी, असे माझे म्हणणे आहे.

जबाब संगणकावर लिहून झाल्यावर हवालदार रविकांत भगत मला वाचून दाखवणार होते. मी विनंती केली की हिरीबाईंना आत घेऊन त्यांच्यासमोर वाचावा, माझ्याने त्यांना तोंडाने सांगणे होत नाही. त्यांना खुर्ची दिली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी एकच विचारले, "त्या दिवशी जेवला होता का तो?"

हे आधी सांगायचे राहिले होते, ते आता लिहून घेतले. त्या दिवशी सकाळी दहा वाजता बादल माझ्या शेजारी बसून जेवला. भात आणि बांगड्याचे कालवण होते. त्याने भात दोनदा घेतला. दुसऱ्यांदा मीच वाढला.

हा मजकूर मी ऐकला, माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, त्यात कमीजास्त काही नाही.

सही: लालसिंग मोहन आडे
हजर: हिरीबाई सेवादास राठोड, डाव्या हाताचा अंगठा
समक्ष: र. भगत, पोलीस हवालदार